जाळ नको, नुसता धूर पायजे : गच्चीवर मटण स्मोक करणं आणि घरच्या बिअरचा प्रश्न

गच्चीवरचा_राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. दोन गोष्टी विचारायच्यात, जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

गेलं वर्षभर मी टेक्सासवाल्यांचे ते स्मोकरचे व्हिडिओ बघतोय, बारा-बारा तास मंद धुरावर मांस ठेवतात आणि मग बोटानं दाबलं तरी सुटतं. आपल्याकडं ते गाईबैलाचं ब्रिस्केट, म्हणजे छातीचं मांस, हा विषयच न्हाई, पण बोकड आहे की, आणि मटणाच्या बाबतीत कोल्हापूरकरानं कुणाकडं बघत बसावं असं मला वाटत न्हाई. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर प्रयोग केला. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घेतला, खाली कोळसा, वर जाळी, कोळशावर बाभळीची ओली फांदी तोडून टाकली आणि दोन किलोची मांडी ठेवून वरनं झाकण दाबून बसवलं. तीन तास नुसता पांढरा धूर, शेजारचे काका दोनदा वर येऊन बघून गेले. बाहेर काढलं तर वरनं काळं कुळकुळीत, चव कडू, म्हणजे जिभेवर डांबर बसल्यासारखं, आणि आत चिवट, दोरा ओढल्यासारखं मांस. बायकोनं गरम पाण्यानं धुवून त्याचा रस्सा केला तरी कडूपणा गेला न्हाई. आईनं एक घास खाल्ला आणि काही न बोलता ताट बाजूला केलं. रविवारी तासभर रांगेत उभारून आणलेलं मटण होतं, ते वाया गेल्याचं अजून मनात आहे. तर नेमकं चुकलं काय? आणि नीट स्मोकर करून घ्यायचा तर कशाचा, कुणाकडनं?

दुसरं, बिअर. मागच्या वर्षी मित्राच्या लग्नाला बेंगळुरूला गेल्तो, तिथं एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर करून देणाऱ्या छोट्या ब्रुअरीत, गव्हाची बिअर प्यालो. पहिल्या घोटाला पिकलेल्या केळ्याचा वास आला, मी वेटरला विचारलं यात केळं घालता काय, तर तो आत जाऊन तिथल्या ब्रुअरलाच घेऊन आला आणि त्या माणसानं अर्धा तास टाक्या दाखवल्या. तेव्हापासनं डोक्यात भुंगा लागलाय. माल्ट, हॉप्स, यीस्ट सगळं ऑनलाइन मिळतंय. २० लिटर घरी करून बघावी म्हणतोय. कुणी केलीय काय? आणि कोल्हापूरच्या आसपास जाऊन बघण्यासारखी ब्रुअरी कुठली?

उद्यमनगरी_वेल्डर

भावा, तुझं मटण बिघडलं न्हाई, तुझी आग बिघडली. कोल्हापुरात म्हणतात न्हवं, जाळ आणि धूर संगटच, ते स्मोकिंगला अगदी उलटं हाय. जाळ नको, आणि तू काढलास तसला पांढराफेक धूर तर मुळीच नको. ओलं लाकूड आणि वरनं दाबलेलं झाकण, आत हवाच न्हाई, मग लाकूड जळत न्हाई, घुसमटतं. त्या घुसमटलेल्या धुरात डांबरच असतंय, तुझ्या जिभेनं बरोबर ओळखलं. चांगला धूर जवळजवळ दिसत न्हाई, फिकट निळसर असतोय, वास घेतला तर गोडसर लागला पायजे, डोळं चुरचुरलं न्हाई पायजेत. गुऱ्हाळावर जाऊन चुलवाण बघ एकदा. चिपाड वाळलेलं असलं की धुराड्यातनं काहीच दिसत न्हाई, आणि ओलं चिपाड टाकलं की अख्ख्या शिवारात धूर पसरतोय.

आता स्मोकर. २०० लिटरचा लोखंडी ड्रम घे. मी माझ्यासाठी एक आणि दोस्तासाठी एक, असे दोन केलेत. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचार, खाद्यतेल होतं तरच घे. केमिकल, रंग, कीटकनाशक असलं काही होतं तर कितीबी स्वस्त मिळूदे, हात लावू नको. काही ड्रमना आतनं तपकिरी लायनिंग असतंय, ते घासून जात न्हाई, मोकळ्या रानात नेऊन आत लाकडं पेटवून लालबुंद होईस्तोवर जाळायला लागतंय, आणि तो धूर अंगावर घ्यायचा न्हाई. मग वायर ब्रशनं घासायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि रिकामाच दोन-तीन तास पेटवायचा, काळा चकचकीत थर धरतोय तव्यासारखा.

तळापासनं दोन इंचावर पाऊण इंची तीन भोकं, दोन भोकांना टोपण आणि एकाला बॉल व्हॉल्व्ह. हवा कमी-जास्त करायची ती हितनं. झाकणाला दोन इंची एक भोक धूर जायला, ते कायम उघडं ठेवायचं, तू तेच बंद केल्तास. कोळशाची टोपली तळाला, आणि मांसाची जाळी टोपलीच्या वर दोन फुटांवर. जाळी स्टेनलेसचीच घ्यायची. जस्ताचा मुलामा असलेली पांढरी जाळी स्वस्त मिळत्या म्हणून लोकं घेत्यात, पण तापली की जस्ताचा धूर निघतोय, आम्ही वेल्डिंगवाले त्याला चांगलं ओळखतो, थंडी वाजून ताप भरतोय त्यानं.

आणि कोल्हापुरात राहतोस म्हणून मुद्दाम सांगतो, शिरोलीला नायतर गोकुळ शिरगावला कुणी फौंड्रीतला ओळखीचा असला आणि म्हटला की कोक देतो दोन घमेली, लई वेळ जळतोय, तर घेऊ नको. तो दगडी कोळशापासनं केलेला असतोय, त्यात गंधक असतंय, ते भट्टीत लोखंड वितळवायला ठीक हाय, अन्नाला न्हाई. बाभळीचा लाकडी कोळसा घे, तीन-चार किलो भरपूर होतोय. सगळा एकदम पेटवायचा न्हाई. टोपली न पेटलेल्या कोळशानं भरायची आणि वर मधोमध दहा-बारा निखारं ठेवायचं, ते सावकाश खाली पेटत जातंय आणि सहा-सात तास बघायला लागत न्हाई. धुरासाठी आंबा, पेरू, जांभूळ, चिंच, कुठलंबी सहा महिने वाळलेलं, मुठीएवढं तीन-चार तुकडं बास. निलगिरी नको, कडुलिंब नको, पॅकिंगच्या खोक्याची फळी नको. आणि कण्हेरीची काडीसुद्धा जवळ आणू नको, ती अख्खी विषारी असत्या.

सातासमुद्रापार_शाहूपुरी

वेल्डरदादांनी स्मोकरचं इतकं व्यवस्थित सांगितलंय की मी त्यात हात घालत नाही. बिअरचं मी सांगतो. मी अमेरिकेत ओरेगनमधे पोर्टलंडला सहा वर्षं होतो, तिथं घरी जवळजवळ तीसेक वेळा बिअर केली, आई-बाबांसाठी परत आलो तेव्हा सगळं सामान तिथल्या मित्राला देऊन आलो.

देऊन आलो याचं कारण आधी सांगतो, कारण तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, विकायला असो की स्वतः प्यायला. माल्ट आणि यीस्ट ऑनलाइन मिळतात म्हणजे बिअर करायला परवानगी आहे असं नाही. अमेरिकेत सुद्धा हे मोकळं नव्हतं, १९७८ साली जिमी कार्टरनी सही केली तेव्हा घरगुती बिअर केंद्राच्या कायद्यातून सुटली, एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन मोठी माणसं असतील तर २००. आणि त्या मोकळीकीतून काय उभं राहिलं बघा, केन ग्रॉसमन हा घरी बिअर करणारा माणूस, त्यानं १९८० मधे कॅलिफोर्नियात चिको गावी सिएरा नेवाडा सुरू केली, दुधाच्या डेअरीची जुनी भांडी आणून. आज तिथं क्राफ्ट बिअर म्हणून जे काही आहे त्यात घरी करणाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडं असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण आज तसं नाहीये, त्यामुळे मी तुम्हाला घरी करा असं सांगणार नाही, कृपया करू नका.

पण समजून घ्यायला काहीच हरकत नाही, आणि समजून घेतलं की ब्रुअरीत जाण्याची मजा कितीतरी वाढते. बार्ली म्हणजे आपला सातू. सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचे, हे माल्ट. आपण नाचणीला मोड आणून सत्व करतो तेच. मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात, आणि भरडलेलं माल्ट ६५-६७ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलं की ते एन्झाइम पिठाची साखर करतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दर दहा मिनिटांनी चमच्यानं चाखत होतो, सुरवातीला नुसती पेज लागते आणि तासाभरात तीच पेज उसाच्या रसासारखी गोड होते, साखरेचा एक दाणा न घालता. स्वयंपाकघरात उभं राहून मला आज्जीच्या आंबिलीची आठवण आली होती, आपल्या रेणुकेच्या आंबील यात्रेला असते ती.

मग ते पाणी गाळून तासभर उकळायचं आणि हॉप्स घालायची. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, कडूपणा आणि वास त्यांचा. आमच्याकडं कॅस्केड नावाची जात सगळ्यात जास्त वापरायचे, ती ओरेगनमधेच तयार झालेली, १९७२ मधे बाहेर आली, चुरगाळून नाकाशी धरली की संत्र्यामोसंब्याच्या सालीचा वास. उकळून झालं की पटकन २० अंशापर्यंत गार करून यीस्ट टाकायचं. आणि तुम्हाला जो केळ्याचा वास आला ना, तो यीस्टचा. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट आंबवताना जो पदार्थ सोडतं तोच पिकलेल्या केळ्यात असतो, शिवाय लवंगेसारखा एक वास असतो, पुढच्या वेळी शोधून बघा.

समजा कायदा नसता तरी कोल्हापुरात मार्च ते मे अवघडच होतं. नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. पोर्टलंडला तळघरात आपोआप मिळायचे, इथं एप्रिलमधे घरात ३२-३३ असतं आणि तेवढ्या उष्णतेत यीस्ट पिसाटतं, बिअरला थिनरसारखा वास येतो. म्हणून ब्रुअरीत टाक्यांना दुहेरी भिंत असते आणि मधनं थंड पाणी खेळवलेलं असतं.

कोल्हापूरहून जायचं तर पुणे, २३०-२३५ किलोमीटर. गाडी नेऊ नका, सकाळची कोयना एक्सप्रेस पकडा, दुपारी पोचता, रात्री राहा. पुण्यात क्राफ्ट मायक्रोब्रुअरीची सुरवात २००९ मधे डूलालीनं केली. मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आहे. शनिवारी रात्री गेलात तर गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो, मधल्या वारी दुपारी आधी फोन करून जा आणि टाक्या बघायच्यात असं सरळ सांगा, मला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. मोठे ग्लास मागवू नका, चार-पाच प्रकारांचे छोटे ग्लास एकत्र देतात ते घ्या, फिक्यापासून गडदकडे जा. आणि हायड्रोमीटर दाखवा म्हणा, म्हणजे पाण्याच्या मानानं बिअर किती जड आहे ते मोजायची नळी. समजा सुरवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० आलं, तर फरकाला १३१ नं गुणायचं, साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल निघतं.

घरी बुडबुड्यांचं काही करायचंच असेल तर आल्याचा सोडा करा. आलं, गूळ, लिंबू, आणि आंबवलेल्या आल्याचंच विरजण. काचेच्या बाटलीत मात्र भरू नका. पोर्टलंडला माझी एक बाटली रात्री दोन वाजता कपाटात फुटली होती, काच समोरच्या भिंतीच्या प्लायवूडमधे रुतली होती, दिवसा कुणी उभं असतं तर काय झालं असतं या विचारानं मला पुढचे दोन दिवस झोप नव्हती. प्लास्टिकची सोड्याचीच बाटली घ्या, दाबून बघता येते. कडक झाली की लगेच फ्रीजमधे, आपल्या हवेत दीड-दोन दिवस पुरतात, आणि दोन-तीन दिवसांत संपवा, जास्त ठेवलात तर त्यातही अल्कोहोल वाढत जातं.

भुदरगडची_लेक

बिअरमधलं मला काही कळत नाही, पण शाहूपुरीकर भाऊंनी सातूचं सांगितलं ते वाचून छान वाटलं. मी मटणाचं बोलते.

तुम्ही मांडी घेतलीत तिथंच अर्धं चुकलं बघा. मांडीचं मटण कोरडं, चरबी नाही, शिरा नाहीत, ते पटकन शिजवून खायचं. मंद आगीवर तासन् तास ठेवायला पुढचा फरा, म्हणजे खांद्याचा भाग, घ्यायचा, किंवा सीना, मान. तिथं चिकट शिरा आणि पडदे असतात, तेच सावकाश विरघळून मांस मऊ होतं. खाटकाला सांगा तुकडे करू नको, फरा अखंड दे, आणि वरची चरबी काढू नको. लगेच ऐकत नाहीत, कारण आपल्याकडं सगळे रस्स्याचेच तुकडे मागतात. जमलं तर थोडी चरबीची जाळी वेगळी मागून घ्या, ती वरनं पांघरायची. मी माझ्या वहिनीच्या ओव्हनमधे असंच फरा करते, धूर नसतो तिथं, पण मऊपणा तोच.

मीठ आदल्या रात्री. किलोला पंधरा ग्रॅम, वजन करूनच, अंदाजानं नको. मीठ लावून उघडंच फ्रीजमधे ठेवायचं म्हणजे वरनं कोरडं होतं. सकाळी संकेश्वरी मिरचीची पूड, धणे, मिरी, थोडी हळद. आपली कांदा-लसूण चटणी मी यावर लावत नाही, तिच्यातला कांदा-लसूण आधीच भाजलेला असतो, परत पाच-सहा तास धूर लागला की कडवट होतो. गूळ लावायचा असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात, कोमट पाण्यात विरघळवून, ब्रशनं. आधी लावलात तर काळा होईल.

आणि हे सगळं अमेरिकेचं आहे असं समजू नका हो. माझी आज्जी यात्रेचं मटण उरलं की लांब पट्ट्या कापायची, मीठ-हळद चोळायची आणि चुलीच्या वर आढ्याला बांधलेल्या दोरीवर टाकायची. दिवसा ऊन, रात्री चुलीचा धूर. आठ दिवसांत लाकडासारखं कडक व्हायचं, पावसाळ्यात दोन तुकडे कुटून आमटीत घातले की घरभर वास. माझी जाऊ सोलापूरकडची, ती म्हणते त्यांच्याकडं असल्याला चान्या म्हणतात. आज्जीच्या लुगड्यालाच तो वास होता, मी अजून विसरलेली नाही.

प्रयोगशाळेतली_सर

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ताईंच्या आज्जीबद्दल वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीपण वाटली, कारण हे वाचून कुणीतरी अर्धवट करायला जाईल. आज्जीचं मटण टिकायचं ते नुसत्या धुरामुळे नाही, भरपूर मिठामुळे आणि पूर्ण वाळल्यामुळे. आतलं पाणीच गेलं की जंतूंना वाढायला काही राहत नाही. आजकाल व्हिडिओत थंड धूर दाखवतात, २५-३० अंशाला मांस तासन् तास टांगलेलं, ते घरी करू नका. ५ ते ६० अंश ही जंतूंच्या वाढीची सोयीची जागा, आणि धूर कोंडलेल्या, हवा कमी असलेल्या ठिकाणी बोटुलिझमचा, म्हणजे जंतूच्या विषानं होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो, त्या विषाला वासही नसतो की चवही नाही. कारखान्यात त्यासाठी नायट्राइट घालतात, तेही ग्रॅमच्या हिशोबात, त्यात चूक झाली तर ते स्वतःच विष आहे. तुम्ही ११०-१२० अंशाचा गरम धूर वापरलात तर हा प्रश्न येत नाही, फक्त मांस फ्रीजमधून काढलं की लगेच स्मोकरमधे जाऊ दे. कोंबडी केलीत तर जाड भागात आत ७४ अंश आलेच पाहिजेत.

अजून एक, पाऊस आला म्हणून ड्रम जिन्यात किंवा पत्र्याच्या बंद शेडमधे ओढू नका. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. पाऊस आला तर मटण खाली नेऊन कुकरला लावा.

गच्चीवरचा_राजारामपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं न्हवतं. बिअरचं कळलं, घरी करणार न्हाई. पुण्याला मार्चमधे जायचं ठरवलंय. मटणाचा एक प्रश्न राहिला, कळणार कसं झालंय म्हणून? किती तास धरायचे?

सातासमुद्रापार_शाहूपुरी

तास धरू नका, आतलं तापमान धरा. सुई टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, आणि ड्रमचं तापमान झाकणावरच्या काट्यावरनं न बघता जाळीच्या उंचीला बघा, दोन्हींत बराच फरक पडतो. मांस ६५-७० ला आलं की तिथंच अडकतं, एक-दोन तास काटा हलत नाही. घाबरू नका आणि आग वाढवू नका. मांसातलं पाणी बाहेर येऊन उडतंय आणि उडताना थंड करतंय, आपला माठ करतो तसं. तेव्हा गुंडाळायचं आणि परत ठेवायचं. आत ९२ ते ९५ आले आणि सुई लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. मी तिकडं खाटकाच्या जाड तपकिरी कागदात गुंडाळायचो.

उद्यमनगरी_वेल्डर

कागद कशाला शोधतोय, केळीचं पान घे. निखाऱ्यावर धरून मऊ करायचं, दोन थर, वरनं फॉइल. पानानं मांस फॉइलला चिकटत न्हाई आणि पाणीबी आतच राहतंय. काढल्यावर लगेच कापू नको, तसंच गुंडाळलेलं चादरीत घालून पातेल्यात झाकून तासभर ठेव, ह्या तासाभरात माझा पोरगा दहा वेळा विचारतोय झालं काय म्हणून, पण उघडायचं न्हाई.

गच्चीवरचा_राजारामपुरीकर

मंडळी, झालं! उशिरा लिहितोय कारण ड्रमलाच तीन आठवडं गेलं. उद्यमनगरात एका काकांनी भोकं पाडून व्हॉल्व्ह बसवून दिला, जाळी ३०४ स्टेनलेसची करून घेतली. रिकामा दोनदा पेटवला. मग परवाच्या रविवारी फरा, दोन किलो दोनशे ग्रॅम, तेहतीस ग्रॅम मीठ शनिवारी रात्री वजन करून लावलं.

सकाळी सात वाजता निखारं टाकलं. पहिला पाऊण तास पांढराच धूर येत होता, मटण ठेवायला हात शिवशिवत होता पण थांबलो, आणि मग खरंच तो निळसर झाला, उन्हाकडं बघितलं तरच दिसत होता. पेरूची तीन ढलपी टाकली, गावाकडच्या परड्यात गेल्या वर्षी पडलेलं झाड होतं. आठला मटण आत. दहापर्यंत ११५ वर काटा जणू खिळ्यानं ठोकल्यासारखा. मग गच्चीवर वारं सुटलं आणि भराभर १४० वर गेला, तेव्हा बॉल व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून बाकीची दोन्ही भोकं बंद केली, वीस मिनिटांनी उतरला. त्या वीस मिनिटांत व्हॉल्व्हची किंमत कळली.

साडेअकराला ६८ वर अडकलं, एक वाजला तरी ६९. सांगितलेलं होतं म्हणून शांत बसलो, नाहीतर नक्की आग वाढवली असती. केळीचं पान, फॉइल, परत आत. तीन वाजता ९३. चादरीत गुंडाळून चार वाजता उघडलं. वरनं तांबूस काळा थर, कुरकुरीत न्हाई पण घट्ट, आणि त्याच्या आत नखाएवढी गुलाबी कड, मला वाटलं कच्चंच राहिलं, मग वाचलं की तो धुराचाच परिणाम, तिकडं त्याला स्मोक रिंग म्हणतात आणि ती यावी म्हणून धडपडतात. फऱ्याचं चपटं हाड धरून ओढलं तर स्वच्छ निघून हातात आलं, त्याला मांसाचा कण न्हवता. जवारीची भाकरी, कांदा, लिंबू आणि खर्डा. आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि शेजारच्या काकांना मी आपणहून ताट नेऊन दिलं.

एक खंत, फऱ्याच्या खालचा पातळ भाग कोरडा झाला. तो आधी काढून घ्यायचा काय? आणि हाडं फ्रीजरमधे ठेवलीत, टाकवत न्हाईत, त्याचं काही होईल काय?

भुदरगडची_लेक

वाचूनच पोट भरलं! पातळ भाग मऊ झाला की कापून घ्या, चांगला दीड तास आधी होतो, तो बारीक करून कांद्यावर परता, सुक्क्यासारखं.

हाडं अजिबात टाकू नका. आलं-लसूण, हळद, मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि अळणी पाणी काढा. पण त्याचा पांढरा रस्सा करू नका, मी केला होता एकदा हॉटेलातनं आणलेल्या धुरावरच्या कोंबडीच्या हाडांचा, नारळाच्या दुधात धुराचा वास फार वर येतो, काजू-खसखशीची चवच लागत नाही. तांबडा करा. भाजलेलं खोबरं, तीळ, आणि आता इथं मात्र कांदा-लसूण चटणी मनसोक्त. निम्मं अळणी पाणी या हाडांचं आणि निम्मं साध्या मटणाचं घ्या, नुसत्या धुराच्या हाडांचं घेतलंत तर जड होतं. कट आला की गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मगच वाढा.

उद्यमनगरी_वेल्डर

पुढच्या वेळी दोन फरे ठेव भावा, कोळसा तेवढाच लागतोय. जाळीवर जागा हाय.

गच्चीवरचा_राजारामपुरीकर

पुढच्या रविवारी दोन ठेवतो. दादा, तुम्ही चार वाजता या, आणि येताना तुमच्या पोराला पण घेऊन या. ताई, तांबडा त्याच दिवशी करतोय, आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली खोबरं मी भाजते.